पान तीनशे सतरा

१

"मिसेस व्होंड्रा, बावीस नंबरच्या वहीतलं एक पान गेलंय."

मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्या जागी आलेल्या टेसाचा फोन आला तेव्हा मी टोमॅटोची लोणची भरत होते. हातातली बरणी तशीच खाली ठेवली. चाळीस वर्षं मी मेरिट काउंटीच्या दस्तनोंदणी कचेरीत काढली, त्यातली शेवटची बावीस अधिकारी म्हणून. त्या चाळीस वर्षांत उंदरांनी पानं कुरतडली, छत गळलं, एकदा एका वकिलानं पानावर कॉफीसुद्धा सांडली. पण पान गेलं नव्हतं.

"गेलं म्हणजे? फाटलं?"

"नाही हो. तीनशे सोळानंतर एकदम तीनशे एकोणीस, पाठपोट अख्खं पान नाही. मी तीनदा मोजलं."

"आणि हे आज कळलं तुला?"

"लिबी ह्रुश्का आल्यात नकलेसाठी. माझ्यासमोरच बसल्यात." तिनं आवाज खाली आणला. "मी त्यांना काय सांगू?"

मी गॅस बंद केला. लिबी तिथं का बसली असेल हे मला न सांगताच कळलं. रविवारी तिचा नवरा, एमिल, गेला होता.

एमिल ह्रुश्का आमच्या कचेरीच्या इमारतीचा, कोर्टहाउसचा केअरटेकर. तेहेतीस वर्षं त्यानं ती इमारत सांभाळली. निवृत्त झाला तरी दर शुक्रवारी बेकरीतून खसखशीची कोलाची घेऊन यायचा, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, आणि सगळ्या टेबलांवर एकेक गोड पाव ठेवत फिरायचा. मी निवृत्त झाले तेव्हा माझा शुक्रवार चुकू नये म्हणून माझ्या घरीही यायला लागला. असा माणूस.

मी लोणचं तसंच सोडून गाडी काढली.

२

लिबी खिडकीपाशी बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, निळा कोट, मांडीवर पर्स. मला बघून म्हणाली, "अर्डिथ, तू आलीस ना, मग सापडेल."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

भानगड अशी होती. आमच्या भागात जुने बोहेमियन, म्हणजे चेक मुळाचे लोक दोन तऱ्हेचे, चर्चवाले आणि देवधर्म न मानणारे मुक्तविचारी. मुक्तविचाऱ्यांना चर्चच्या दफनभूमीत जागा नसायची, म्हणून १९०९ साली हावेल्का नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या शेतातली एक एकर जागा त्यांच्या मंडळाला दिली, आणि तिथवर जायला गाडीवाट. एमिल त्या मंडळाचा शेवटचा चिटणीस. मंडळात आता उरलं होतं कोण? तो आणि लिबी. आणि त्या एकरात, लिलॅकच्या झुडपाखाली, त्यांची रोझ. १९६१ साली तीन दिवस जगलेली मुलगी.

दर मे महिन्यात दोघं चालत तिथं जायची. यंदा एप्रिलमध्ये वाटेवर फाटक बसलं, कुलूप लागलं. शेताचा नवा मालक डॅरेल सीव्हर्स. वाटेवर त्यानं मका पेरला होता.

"काल फोन केला त्याला," लिबी म्हणाली. "म्हणाला, कागद दाखवा. दस्तांच्या सूचीत नुसतं नाव आहे, वाट कुठं लिहिलीय? शुक्रवारी दुपारी माती द्यायचीय. कागद नाही मिळाला तर एमिलला गावच्या दफनभूमीत न्यावं लागेल. तिथं काय आहे त्याचं? पेट्रोलपंपाच्या मागं, अनोळखी लोकांत?"

"राजधानीत मायक्रोफिल्म असेल ना जुन्या वह्यांची?" मी टेसाला विचारलं.

"विचारलं. दहा दिवस लागतील म्हणतात."

"साठ वर्षं ती पोर एकटी आहे," लिबी म्हणाली. "आता तरी बापानं जवळ जावं की नाही?"

मी तिला पाणी दिलं. ती एमिलच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत राहिली, आणि मी बोलू दिलं. तीन आठवड्यांपूर्वी झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. "डाव्या हातानं नुसता छातीवर थापट्या मारायचा. इथं, इथं. मी म्हटलं दुखतंय. डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे. मग मला वाटलं, मला काहीतरी प्रेमाचं सांगतोय." ती हसली. "साठ वर्षांत कधी सांगितलं नाही, आता कुठलं सांगतोय! पण मी म्हटलं, हो रे, कळलं."

"एमिलला घालायचे कपडे दिलेस फ्युनरल होमला?"

"त्याचे त्यानंच काढून ठेवले होते. एप्रिलमध्येच काळा सूट इस्त्री करून आणला आणि म्हणाला, आता हा ड्रायक्लीनला देऊ नकोस, हात लावू नकोस. मी म्हटलं, मेल्या, घाई कसली आहे?"

तेव्हा मी हे कानाआड केलं. माझं सगळं लक्ष बावीस नंबरवर होतं.

३

दस्तखोलीत शिरले आणि तो वास आला. कॅनव्हासचे पुठ्ठे, जुनी शाई, वह्या सरकवायच्या लोखंडी रुळांचं तेल. एकोणीस वर्षांची असताना तेव्हाच्या अधिकारी मिस झेमननं मला याच दारात उभं करून सांगितलं होतं, "मुली, इथं काउंटीतल्या प्रत्येक माणसाचं घर ठेवलंय. हात धुऊन ये." मी अजून हात धुऊनच आत जाते. त्या काळी टाइपरायटरांचा खडखडाट असायचा, खिडक्या उघड्या असायच्या, आणि एमिल जिन्यावरून शीळ घालत यायचा. आता टेसाकडे दोन संगणक आणि एक एसी. बिचारीचा दोष नाही, पण खोली कशी मुकी झालीय.

बावीस नंबर मी टेबलावर घेतला. पान कापलेलं नव्हतं, फाडलेलं तर नव्हतंच. बांधणीत चिटोरासुद्धा नाही. ही वही मुळात शिवलेली होती. १९७६ साली शिवण सुटली तेव्हा मिस झेमन, मी आणि एमिल यांनी मिळून ती पितळी स्क्रूच्या पुठ्ठ्यात बांधली. पान काढायचं तर तीन स्क्रू सोडवायचे, आणि त्यांना लागते खास चावी.

मी स्क्रूला बोट लावलं. बाकीच्या जुन्या वह्यांचे स्क्रू हिरवे पडलेत, बसून गेलेत. हे तिन्ही गुळगुळीत. बोट नाकाशी नेलं. शिलाई मशीनचं तेल.

"टेसा, या वहीला हात कुणी लावला? सहीची वही आण."

जानेवारीपासून बावीस नंबरसाठी दोनच सह्या होत्या. फेब्रुवारीत वेंडेल कोरिनेक, आमचा गावातला इतिहासकार. ऑगस्टमध्ये डॅरेल सीव्हर्स.

"वेंडेलनं मागं वाचनालयातला फोटो घरी नेला होता," टेसा कुजबुजली. "उसना म्हणून. दोन वर्षं."

"आणि तू?"

"मी?" ती लाल झाली. "मिसेस व्होंड्रा, मला तर हे स्क्रू उघडतात हेसुद्धा माहीत नव्हतं!"

ते मला पटलं. "या वह्या कुठं पाठवणार होतात ना तुम्ही?"

"जूनमध्ये. पहिल्या तीस वह्या स्कॅनिंगला शहरात जाणार होत्या, सहा महिन्यांसाठी. मग कंपनीनं तारीख पुढं ढकलली. मार्चपासून नोटीस लावलीय दारावर. लोकांना सांगून सांगून थकले मी, की जून ते डिसेंबर जुनं काही मिळणार नाही."

मी वहीत सगळं टिपून घेतलं आणि आधी वेंडेलकडे गेले.

४

वेंडेल अंगणात सफरचंदं गोळा करत होता. मला बघताच म्हणाला, "आली चौकशी! तो फोटो मी परत केलाय, अर्डिथ."

"फोटोचं नाही. बावीस नंबर, पान तीनशे सतरा."

"हावेल्काचं दानपत्र? बघितलंय की. फेब्रुवारीत. चक्क चार ओळी आहेत वाटेबद्दल. 'भरल्या गाडीला आणि घोड्यांच्या जोडीला पुरेल एवढी रुंद.' काय सुरेख लिहायचे बघ लोक!"

"फोटो काढलास?"

"माझा फोन म्हणजे नुसता बोलायचा. मी टिपण काढलं." त्यानं डायरी आणली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, पान 317, तारीख, दोन ओळी. त्याच्या टिपणाला कोर्टात कोण विचारणार? पण फेब्रुवारीत पान जागेवर होतं हे नक्की झालं. सवयीनं मी त्याचं अक्षर न्याहाळलं, आकडेसुद्धा. शाळेत शिकवतात तसा साधा सात.

"काढून नेलं नाहीस ना रे?"

"अगं, मी फोटो ढापणारा माणूस आहे, पान ढापणारा नव्हे," तो म्हणाला. "फोटोमागं कुणी रडत नाही."

बुधवारी मी सीव्हर्सकडे गेले. मला वाटलं होतं, माणूस दारातूनच हाकलेल. तर त्यानं स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. चाळिशीचा, हाताला ग्रीस, चेहऱ्यावर झोप नाही.

"मॅडम, मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "जमीन घेतली तेव्हा माझ्या कागदांत वाट नव्हती. जमिनीचे कागद तपासणाऱ्यांनी चाळीस वर्षंच मागं बघितलं, तो त्यांचा आळस. म्हणून ऑगस्टमध्ये मी स्वतः गेलो. सूचीत नंबर मिळाला, वही उघडली, तर पान नाही."

"मग कचेरीत सांगितलंत का नाही?"

"मला वाटलं, चुकीचा नंबर असेल. नाहीतर दुरुस्तीला गेलं असेल. तिथं पुठ्ठा घातलेला होता ना."

मी कप खाली ठेवला. "कसला पुठ्ठा?"

"पानाच्या जागी. पांढरा, हाताएवढा. त्यावर पेन्सिलीनं पानाचा नंबर. मी होता तिथंच ठेवला." त्यानं खिडकीबाहेर मक्याकडे बघितलं. "कागद दाखवा, मी स्वतः फाटक उघडतो. पण कुणाच्याही शब्दावर उघडलं तर उद्या दहा जण शब्द घेऊन येतील."

खोटं बोलणारा माणूस पुठ्ठ्याची गोष्ट कशाला काढेल? मी सुसाट कचेरीत परतले.

"टेसा! बावीस नंबरमध्ये एक पुठ्ठा होता!"

"तो? हो, मागच्या महिन्यात सापडला. कचरा वाटला मला."

"टाकलास?"

ती वाकली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखालून घडी केलेला पुठ्ठा ओढून काढला.

५

पांढरा पुठ्ठा. एका कोपऱ्यावर तुपकट डाग आणि डागाला चिकटलेला खसखशीचा एक दाणा. मधोमध 317. सातच्या पोटातून आडवी रेघ मारलेली, आमचे जुने बोहेमियन लोक मारतात तशी.

मी खुर्चीत बसले. डोळे भरून आले ते टेसाला दिसू नये म्हणून चष्मा पुसत राहिले.

"काय झालं?"

"चोरी नाही झालेली," मी म्हटलं. "ऐक. मिस झेमनचा नियम होता. पान दुरुस्तीसाठी काढलं की त्याच्या जागी पुठ्ठा ठेवायचा, पुठ्ठ्यावर पानाचा नंबर. म्हणजे पान परत येणार आहे. चोर खूण ठेवून जात नाही. हे ज्यानं केलं त्याच्या मनात परत आणायचं होतं, आणि त्याला हा नियम माहीत होता."

"कुणाला माहीत होता?"

"तिघांना. मिस झेमन जाऊन तीस वर्षं झाली. एक मी." मी दाराकडे बोट दाखवलं. "त्या चौकटीवर हात फिरव. कॉफीचा डबा असेल."

टेसानं स्टूल घेतलं. डबा खाली काढला. आत स्क्रूची चावी, तेलानं चकचकीत.

"तुला मी निवृत्त होताना दाखवायची विसरले. माझी चूक. सीव्हर्सला हा डबा माहीत नाही, वेंडेलला नाही. सहीच्या वहीत नाव नाही, कारण दर शुक्रवारी कोलाची घेऊन येणाऱ्या माणसाला सही कर म्हणून कोण सांगतं?"

"एमिल?" टेसा स्टुलावरच उभी राहिली. "पण त्यांना तर पान हवं होतं! ते लपवतील कशाला?"

"लपवलं नाही गं. एप्रिलमध्ये फाटक बसलं. दारावर तुझी नोटीस, की जूनपासून सहा महिने जुनं काही मिळणार नाही. त्याचं वय एकोणनव्वद. जून ते डिसेंबरच्या मध्ये आपण गेलो तर लिबीनं काय करायचं, ही काळजी त्याला."

"मग नक्कल मागायची ना! दोन मिनिटांचं काम."

"तो नक्कल मानायचा नाही. तेहेतीस वर्षं अस्सल वह्या उचलल्या त्यानं. झेरॉक्सचं मशीन आलं तेव्हा म्हणाला होता, हे तर कागदाचं भूत आहे." मला हसू आलं. "पान त्यानं अशा जागी ठेवलं, की तो फाटकापाशी पोचेल तेव्हा ते आपोआप तिथं असेल."

टेसाला कळेना. मला मात्र त्याच वेळी लिबीचा आवाज ऐकू आला. इथं, इथं. हृदय ठणठणीत आहे. सूटला हात लावू नकोस.

"गाडी काढ," मी म्हटलं. "लिबीला घेऊन फ्युनरल होममध्ये जायचंय."

एमिल तिथं काळ्या सुटात झोपला होता, मंडळाचा बिल्ला लावून. दाढी नीट केलेली. मी लिबीला सगळं गाडीतच सांगितलं होतं. ती पुढं झाली, मग थांबली.

"तूच काढ, अर्डिथ. मला त्याच्या खिशात हात घालायची सवय नाही."

डाव्या बाजूचा आतला खिसा. वाचा गेल्यावर सांगता येईना म्हणून जिथं तो तीन आठवडे थापट्या मारत होता तिथंच. मी दोन बोटं घातली. जाड, जुना कागद, चौपदरी घडी. उलगडला तर वर नंबर तीनशे सतरा, आणि खाली हावेल्काची वाट, भरल्या गाडीला आणि घोड्यांच्या जोडीला पुरेल एवढी.

आत एक चिठ्ठी होती, पेन्सिलीची.

"फाटकापाशी दाखवा. अर्डिथ, ओरडू नकोस. काम झालं की परत लाव."

मी ओरडले नाही. मी तिथंच खुर्चीत बसून हमसून हमसून रडले, आणि लिबी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघ, म्हणजे तो तुझ्याबद्दल बोलत होता. आणि मी आपली हो रे, कळलं म्हणत होते."

"नाही गं," मी म्हटलं. "तो तुमच्या तिघांबद्दल बोलत होता."

६

गुरुवारी दुपारी टेसा आणि मी पान परत लावलं. स्क्रू तिनं फिरवले, मी नुसती बघत होते. हात धुऊन आली होती, न सांगता. पुठ्ठ्यावर तिनं नंबराखाली लिहिलं, 'ए. ह्रुश्का, एप्रिल ते सप्टेंबर', आणि तो दस्तखोलीच्या फळीवर ठेवला. पान बाहेर होतं, परत आलं. मिस झेमनच्या कायद्यात याहून जास्त काही लिहावं लागत नसे. मग टेसानं नकला काढून शिक्के मारले.

शुक्रवारी सकाळी झाकण लावायच्या आधी मी एक नक्कल एमिलच्या खिशात सरकवली, अस्सल पान होतं तिथंच. "नक्कल आहे रे," मी त्याला म्हटलं. "चालवून घे. शिक्का खरा आहे."

दुपारी आम्ही फाटकापाशी पोचलो. फाटक सताड उघडं होतं. सीव्हर्स टोपी हातात धरून उभा होता आणि त्याच्या मागं मक्यातून एक सरळ वाट कापलेली होती, सकाळीच कापलेली, ताटांचा ओला वास येत होता. टेसानं त्याला आदल्या दिवशी फोनवर ओळी वाचून दाखवल्या होत्या.

टेसानं गाडीच्या खिडकीतून नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं ती शब्दन् शब्द वाचली, ओठ हलवत.

"भरल्या गाडीला आणि जोडीला किती लागतं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून बारा फूट ठेवली. कमी पडली तर सांगा."

लिलॅकच्या झुडपाखाली एमिलला ठेवलं, रोझच्या शेजारी. प्रार्थना नव्हती, मुक्तविचाऱ्यांत नसते. वेंडेलनं मंडळाच्या जुन्या वहीतून सगळ्या सभासदांची नावं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग टेसानं पांढरा खोका उघडून सगळ्यांना एकेक कोलाची दिली. शुक्रवार होता ना.

परतताना लिबी गाडीजवळ थांबली.

"टेसा, नक्कल अजून आहे का गं एखादी?"

"आहे. कशाला?"

"माझ्या या निळ्या कोटाच्या खिशात ठेवते. आता मलाच यायचंय इथं."

सीव्हर्स फाटकाला टेकून उभा होता, त्यानं ऐकलं. पुढं आला. "मॅडम, तुमच्यासाठी कागद लागणार नाही. हे फाटक मी उद्या काढतोय."

"तुम्ही भले गृहस्थ आहात," लिबी म्हणाली. "पण जमीन विकाल एखाद्या दिवशी."

तिनं नक्कल घेतली, चौपदरी घडी घातली, डाव्या बाजूच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून दोन थापट्या मारल्या. मग मला म्हणाली, "चल अर्डिथ, तुझं लोणचं राहिलंय."